रात्री उभी केलेली स्नोमोबील सकाळी जागची हलत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी, दोन सीटची, लिक्विड कूल्ड स्नोमोबील घेतली. शनिवारी दिवसभर कॅनडातल्या गोठलेल्या लेक निपिसिंगवर फिरवली आणि संध्याकाळी कॉटेजच्या दारात तशीच उभी केली. रात्री पारा उणे २२ वर गेला. सकाळी इंजिन लगेच सुरू झालं, पण गाडी हलेना. थ्रॉटल दाबल्यावर रबर जळल्याचा वास आला. खाली टनेलमध्ये दगडासारखा बर्फ आहे. मेहुणे म्हणतात, उकळतं पाणी ओतू. तर हा बर्फ काढायचा कसा, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?

आधी मेहुण्यांना किटली खाली ठेवायला सांगा, आणि थ्रॉटलवरचा तुमचा अंगठाही काढा. बाकीचं सगळं सावकाश करता येतं.

मी उत्तर ऑन्टॅरिओत याच गाड्या दुरुस्त करतो; त्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल इंजिनांवर हात काळे केले. थंडीच्या दिवसांत सोमवारी सकाळी आमच्या दारात ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बऱ्याच बर्फाने बिघडलेल्या नसतात, बर्फ काढताना बिघडवलेल्या असतात. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

हा बर्फ येतो कुठून, ते आधी बघू. सीटखाली ॲल्युमिनियमची जी लांब पोकळी असते, जिच्यात ट्रॅक, म्हणजे गाडीला पुढे ढकलणारा रुंद रबरी पट्टा, फिरतो, ती टनेल. लिक्विड कूल्ड गाडीत इंजिनचं गरम कूलंट या टनेलच्या छताला आणि कडांना लावलेल्या कूलरमधून फिरतं. ट्रॅक खालून स्नो उडवतो, तो कूलरवर आपटतो, वितळतो आणि इंजिन गार राहतं. म्हणजे ही गाडी स्वतःच्या पोटात सतत पाणी तयार करत असते. चालू आहे तोवर ते पाणी ट्रॅकबरोबर झटकलं जातं. तुम्ही किल्ली फिरवून बंद केलीत की झटकणारं कुणी उरत नाही, आणि कूलर मात्र अजून दहा-पंधरा मिनिटं गरमच असतात. त्या उष्णतेवर वर अडकलेला स्नो वितळून खाली ठिबकतो: चाकांवर, सस्पेन्शनच्या रुळांवर, ट्रॅकच्या आतल्या बाजूवर. मग सगळं मिळून एकच लादी होते. गाडी चालवताना जमलेल्या बर्फापेक्षा ही बंद केल्यानंतरची लादी कितीतरी जास्त त्रासाची. फॅन कूल्ड गाड्यांना टनेलमध्ये कूलरच नसतो, त्यामुळे त्यांच्यात हा प्रकार बराच कमी होतो.

गुलमर्गला भाड्याच्या स्नोमोबीलवर चक्कर मारलेले पुष्कळ मराठी लोक आहेत. तिथे गाडी परत केली की आपलं काम संपतं. संध्याकाळचं सगळं मालक बघतो. स्वतःची गाडी घेतली की मालकाचं काम आपल्या गळ्यात येतं, आणि ते कुणी सांगितलेलं नसतं.

आता किटलीचा हिशेब. तुमचा ट्रॅक १५ इंची असेल तर रुंदी झाली ३८ सेंटिमीटर. मीटरभर लांब आणि आठ सेंटिमीटर जाड लादी धरली तरी तीस लिटर बर्फ, म्हणजे साधारण २८ किलो. एक किलो बर्फ नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. एक लिटर उकळतं पाणी शून्य अंशापर्यंत गार होताना ४१८ किलोज्यूल देतं. म्हणजे एक थेंबही वाया गेला नाही, तरी लिटरमागे सव्वा किलो बर्फ जेमतेम वितळेल. उणे २० मध्ये त्यातली निम्मी उष्णता हवेत आणि ॲल्युमिनियममध्ये जाते. चाळीस-पन्नास लिटर पाणी उकळणार कुठे, आणि ते ओतल्यावर जाणार कुठे? ते खाली उतरून चाकांच्या बेअरिंगांत, ब्रेकपाशी आणि ट्रॅकखालच्या जमिनीवर पुन्हा गोठणार. सकाळी गाडी बर्फात अडकली होती. दुपारी ती अंगणाला चिकटलेली असेल.

आज काय करायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी, इंजिन बंद असताना थ्रॉटलचा खटका दाबून सोडा. तो टक्कन मागे आला पाहिजे. रेंगाळत आला किंवा अर्ध्यावर थांबला, तर केबलमध्ये पाणी शिरून गोठलंय. तसं असेल तर आज गाडी सुरूच करायची नाही. ट्रॅक मोकळा झाल्या क्षणी उघड्या थ्रॉटलवर गाडी सुटली, तर समोर कॉटेजची भिंत आहे. हे झाल्यावर टेदरची दोरी जॅकेटला अडकवा आणि ती ओढल्यावर इंजिन बंद होतंय ना, तेही बघा.

मग आधी स्की सोडवा. हँडल डावी-उजवीकडे नेटाने हलवा; नाही सुटलं तर स्कीच्या टोकाची मूठ धरून एकेक स्की वर उचला. पुढचा भाग मोकळा झाला की मागे या. मागचा बंपर धरून दोघांनी गुडघ्यात वाकून उचलायचं, कमरेतून नाही. दोन सीटच्या गाड्या तीनशे किलोच्या आसपास सहज जातात आणि त्यात तुमचा बर्फ आहे. उचलली जात नसेल तर दोन बाय चार इंची लाकूड बंपरखाली तरफेसारखं घाला, एकाने दाबायचं आणि दुसऱ्याने ट्रॅकखाली फळकुट सरकवायचं. ट्रॅकखालची जमीन सुटल्याचा ‘कडक’ असा स्पष्ट आवाज येतो. तो येईपर्यंत इंजिनला यात ओढू नका.

जमिनीपासून सुटली म्हणजे ट्रॅक फिरेलच असं नाही, कारण आतली लादी अजून तशीच आहे. इथे रबरी हातोडा कामाला येतो. सस्पेन्शनच्या रुळांच्या बाजूने, मागच्या मोठ्या चाकांच्या आजूबाजूला आणि ट्रॅकच्या रबरावर बाहेरून ठोका. लोखंडी हातोडा नको, पहार नको, टॉमी तर अजिबात नको. घरच्या जुन्या फ्रीजमध्ये बर्फ साचला की कुणीतरी सुरीने खरवडायला जातं आणि फुस्स करून गॅस निघून जातो, ते आठवतंय ना? टनेलच्या छताला तसाच पातळ ॲल्युमिनियमचा कूलर आहे. स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक चुकीच्या जागी लागलं की कूलंट खाली सांडतं आणि दुरुस्तीचा खर्च या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

शॉक ॲब्सॉर्बरच्या चकचकीत दांड्यावर बर्फाचं कवच बसलं असेल तर ते हातमोज्याने किंवा लाकडी खुंटीने फोडा. तो बर्फ तसाच ठेवून उडी मारलीत तर दांडा आत जाताना बर्फाची धार सीलला कापते, आणि महिन्याभराने तेल का गळतंय म्हणून तुम्ही डोकं खाजवत बसता.

इतकं झाल्यावर गाडीचा मागचा भाग चांगल्या स्टँडवर चढवा, पुढून स्की एखाद्या ओंडक्याला टेकवा आणि इंजिन सुरू करून नुसतं आयडलवर ठेवा. जागा मोकळी हवी, बंद शेड नको. धुराने माणूस मरतो. पाच-दहा मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो आणि कूलरमध्ये गरम कूलंट यायला लागतं. टनेलवर हात ठेवा, कळेल. आता ज्या उष्णतेने रात्री लादी बनवली तीच लादीची छताशी असलेली पकड सोडवते. सगळी लादी वितळण्याची वाट बघायची नाही. चिकटलेला पातळ थर सुटला की पुरे, बाकीचा बर्फ रबरी हातोड्याने ढेकळांत खाली येतो. या वेळात तापमानाच्या काट्याकडे लक्ष असू द्या, कारण जागेवर उभ्या गाडीच्या कूलरवर ताजा स्नो पडत नसतो.

ट्रॅक हाताने दोन-चार इंच पुढेमागे ओढला जातोय असं दिसलं, की मगच थ्रॉटल, तेही क्लच जेमतेम पकडेल इतकाच, दोन सेकंद द्यायचा आणि सोडायचा. या वेळी गाडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, मुलांना तर घरातच पाठवा. ट्रॅक बर्फाची ढेकळं मागे फेकतो, आणि ट्रॅकला स्टड (पकडीसाठी लावलेले धातूचे खिळे) असतील व त्यातला एखादा उपटून निघाला तर तो गोळीसारखा सुटतो. ट्रॅक मोकळा फिरला की इंजिन बंद करा आणि प्रत्येक चाक हाताने फिरवून बघा. एखादं चाक गोठून बसलं असेल तर ट्रॅक त्याच्यावरून घासत राहतो आणि चाकाच्या रबराला एका बाजूने सपाटी येते. पुढच्या ड्राइव्हच्या दात्यांमध्ये बर्फ अडकला असेल तर ट्रॅक खटखट करत दाते ओलांडतो. तो आवाज ऐकू आला की लगेच थांबा.

हा सगळा खटाटोप संध्याकाळच्या पाच मिनिटांत टळतो. कॉटेजच्या जवळ आलात की शेवटचे पाच-सातशे मीटर सावकाश, शक्यतो कोरड्या भुसभुशीत स्नोमधून चालवा, म्हणजे इंजिन थोडं निवतं आणि ओला लगदा ट्रॅकमधून बाहेर पडतो. ब्रेक दोन-तीनदा हलका दाबा, डिस्क गरम होऊन कोरडी होते. गाडी उभी करायची जागा आधीच ठरवून ठेवा: दोन फळ्या ट्रॅकखाली, दोन स्कीखाली. लाकूड नसेल तर स्प्रूसच्या फांद्या चालतात. इथले ट्रॅपर, म्हणजे सापळे लावून शिकार करणारे लोक, पिढ्यानपिढ्या तेच करत आलेत. मग मागचा भाग उचलून स्टँडवर घ्या आणि ट्रॅक वीस-तीस सेकंद फिरवा. बर्फ अजून ओला असतानाच तो झटकला जातो, तासाभराने जाणार नाही. इंजिन बंद केल्यावर बाजूने हात घालून रुळांवरचा आणि मागच्या झापेजवळचा लगदा काढा, पायाखालच्या पाट्या बुटाने ठोकून साफ करा. बर्फाळ पाटीवरून पाय घसरून लोक ट्रॅकशेजारी पडलेत, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

शेवटी दहा मिनिटांनी परत बाहेर या आणि बंपर धरून गाडीला एक गदागदा हिसका द्या, हँडल एकदा फिरवा. कूलरवरून नुकतंच ठिबकलेलं पाणी अजून पूर्ण गोठलेलं नसतं. हा हिसका द्यायचा कंटाळा सगळेच करतात, कारण तोवर आपण आत शेगडीजवळ बसलेलो असतो. पार्किंग ब्रेक मात्र रात्रभर लावून ठेवू नका. ओले पॅड डिस्कला चिकटतात आणि सकाळी दोष ट्रॅकला दिला जातो.

आता तलावाबद्दल, कारण तुमचा खरा गुन्हेगार बहुधा तिथे आहे. नुसत्या कोरड्या स्नोमधून चालवलेल्या गाडीत एवढी मोठी लादी बनत नाही. तुम्ही कुठेतरी स्लशमधून, म्हणजे पाण्याने भिजलेल्या स्नोच्या लगद्यातून गेलात. तलावाच्या बर्फावर भरपूर स्नो पडला की त्या वजनाने बर्फ खाली दबतो, भेगांमधून पाणी वर येतं आणि स्नोच्या थराखाली लपून बसतं. वरचा स्नो गोधडीचं काम करतो, त्यामुळे हवा उणे २५ असली तरी ते पाणी कित्येक दिवस गोठत नाही. वरून सगळं पांढरंशुभ्र. मागे वळून बघितलं की आपल्या ट्रॅकची रेघ करडी, ओली दिसते, तीच खूण.

अशी रेघ दिसली की थांबायचं नाही. थ्रॉटल सोडायचा नाही, वळणं घ्यायची नाहीत, सरळ किनाऱ्याकडे किंवा कडक, मळलेल्या वाटेकडे जायचं. मागून दुसरी गाडी येत असेल तर तिने तुमच्या रेघेतून येऊ नये, बाजूने यावं, कारण पहिल्या गाडीने वरचा थर मोडून पाणी मोकळं केलेलं असतं. बाहेर पडल्यावर मात्र लगेच थांबून ट्रॅक झटका. उणे २२ मध्ये स्लशचा दगड व्हायला चहा पिण्याइतका वेळसुद्धा लागत नाही. आणि रुतलातच, तर ओल्या जागी ट्रॅक फिरवत बसल्याने गाडी आणखी खाली जाते. हाताने आणि फावड्याने ट्रॅकमधला लगदा काढा, मागचा भाग उचलून फांद्यांवर ठेवा, पुढची वाट बुटांनी तुडवून काढा आणि ती गोठू द्या. तुडवलेल्या स्लशला वरून थंडी लागली की तो काही तासांत कडक होतो. कित्येकदा गाडी तशी ठेवून चालत घरी येणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती काढणं हाच शहाणपणा असतो. बूट ओले झाले असतील तर गाडीचा विचार सोडा, पायांचा करा.

स्लश दिसला म्हणजे खालचा बर्फ पातळ आहेच असं नव्हे, पण गाफीलही राहू नका. शेजारच्या मिनेसोटा राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं स्नोमोबीलसाठी किमान ५ ते ७ इंच, म्हणजे १३ ते १८ सेंटिमीटर नवा, स्वच्छ, टणक बर्फ असावा असं सांगतं, आणि पांढऱ्या बर्फासाठी याच्या दुप्पट. स्लश गोठून तयार होतो तो पांढरा बर्फच. निपिसिंग उथळ तलाव आहे, पण फ्रेंच नदी जिथून बाहेर पडते तिथे पाणी वाहतं असतं. अशा तोंडाशी कितीही थंडी असली तरी जाऊ नका.

तापमानाबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकतो: जितकी कडक थंडी तितका जास्त बर्फ चिकटणार. उणे ३० ला स्नो पिठासारखा कोरडा असतो आणि झटकला की जातो. शून्य ते उणे आठ-दहा या टप्प्यात, विशेषतः दुपारी ऊन आणि रात्री कडाका असेल तेव्हा, टनेल सगळ्यात जास्त भरतो. याच दमट हवेत जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचे कार्ब्युरेटर आतून गोठतात, कारण पेट्रोलची वाफ होताना तिथलं तापमान आणखी खाली जातं. इंजिन गुरगुरतं, आयडलवर बसत नाही, थ्रॉटल अडकल्यासारखा वाटतो. तुमची गाडी त्या काळातली असेल आणि कार्ब्युरेटरला गरम कूलंटची नळी व तिचा कॉक असेल, तर तो उघडा आहे का बघा. आधीच्या मालकांनी उन्हाळ्यात बंद केलेला कॉक कित्येकदा तसाच राहिलेला असतो.

पेट्रोलमध्ये पाणी गेल्याची शंका असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलवालं ड्रायर (टाकीत ओतायचं, पाणी सामावून घेणारं द्रव) घ्या. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये मिथेनॉलवालं टाळा, तेलाशी त्याचं जमत नाही. फोर-स्ट्रोक असेल तर छोट्या छोट्या चकरा मारून लगेच बंद करण्याची सवय वाईट. ऑइल पुरेसं तापत नाही, त्यात ओल साचते, इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीत ती गोठली तर आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. आणि नव्या गाड्यांचे एलईडी दिवे तापत नाहीत म्हणून मागच्या दिव्यावर स्नो तसाच बसून राहतो. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही, तेव्हा दर थांब्याला तो हाताने पुसा.

स्प्रेबद्दल लोक फार विचारतात. टनेलच्या आत आणि सस्पेन्शनच्या रुळांच्या बाजूंना सिलिकॉन स्प्रे मारला तर बर्फाची पकड कमी होते, हे खरं. स्वयंपाकघरातला नॉनस्टिक स्प्रे मारणारेही आहेत. पण एक-दोन फेऱ्यांत तो धुऊन जातो आणि स्लशपुढे कशाचंच काही चालत नाही. ब्रेक, क्लच, बेल्ट आणि पायाखालच्या पाट्या यांच्या आसपास त्याचा तुषारही जाता कामा नये. मीठ तर मुळीच नको, ॲल्युमिनियम खातं. प्रेशर वॉशरची धार बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत घुसवते. गॅसची टॉर्च घेऊन टनेलमध्ये शिरणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की वर पेट्रोलची टाकी आहे हे लक्षात आहे ना.

गरम गॅरेज असेल तर उत्तम, पण अर्धवट नको. संध्याकाळी आत घेतली, दोन तास ठिबकली आणि पुन्हा बाहेर काढली, तर जे पाणी टनेलमध्ये होतं ते आता केबलमध्ये, बेअरिंगमध्ये आणि स्टीअरिंगच्या सांध्यांत जाऊन गोठणार. एक तर रात्रभर आत ठेवून पूर्ण कोरडी होऊ द्या, ट्रॅक फिरवून झटका आणि सस्पेन्शनच्या निपलांमध्ये नवं ग्रीस असं भरा की आतलं पाणी बाहेर ढकललं जाईल. नाहीतर थंड शेडमध्ये, फळ्यांवर, झटकून ठेवा. मला विचाराल तर रोज वापरायची गाडी थंड शेडमध्येच बरी.

राहिला तो जळका वास. तो तुमच्या ड्राइव्ह बेल्टचा, म्हणजे इंजिनची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या पट्ट्याचा. ट्रॅक जागेवर अडकलेला, क्लच पकडायला बघतोय, आणि बेल्ट एकाच ठिकाणी उभा राहून घासला जातोय, असं काही सेकंद झालं की तेवढी जागा अरुंद होते. आज गाडी चालवण्याआधी साइड कव्हर उघडून बेल्ट काढा आणि दोन्ही कडा बोटांनी चाचपत पूर्ण फेरी मारा. कुठे चकचकीत, काचेसारखा टणक पट्टा लागला किंवा रुंदी एका जागी कमी वाटली, तर तो बेल्ट बाद. तसाच लावलात तर गाडी सुटताना धाडधाड हिसके देईल आणि बहुतेक तलावाच्या मध्यावर तुटेल. नवा घेताना कव्हरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला पार्ट नंबर बघून घ्या. लांबी-रुंदी अंदाजाने जुळवू नका. क्लचच्या दोन्ही चकत्यांवर जळक्या रबराचा थर बसला असेल तो बारीक घासणीच्या पॅडने साफ करून कोरड्या फडक्याने पुसा. नवा बेल्ट लावल्यावर पहिले पन्नास किलोमीटर जोर लावू नका, वेग कमीजास्त करत सांभाळून चालवा. आणि आणखी एक बेल्ट सीटखाली असू द्या, हत्यारांच्या पिशवीशेजारी.